शकुबाईचा चष्मा

हिंगोलीच्या एसटी डेपोसमोर डोळ्यांच्या दवाखान्याचा नवा फ्लेक्स लागला. त्यावर चष्मा घातलेली खेड्यातली एक म्हातारी मोकळं हसत होती. आठवडा उलटायच्या आत, तो फ्लेक्स तयार करणाऱ्या अपर्णा देवळेला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं.

तिथून ती थेट अनुसूया पाठक यांच्याकडे आली.

अनुसूयाबाईंचं ऑफिस स्टेशन रोडला, एका आडत दुकानाच्या माडीवर. पुढच्या खोलीत ऑफिस, मागच्या खोलीत त्या एकट्या. विम्याच्या दाव्यांचा खरेखोटेपणा तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता त्या हरवलेली माणसं शोधत, खोट्या सह्या पकडत, लग्नाआधीच्या चौकशा करत. सोबत हिरासिंग राठोड. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गाडी चालवायचं काम त्यांचं, आणि दिसेल त्याच्यावर संशय घ्यायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलेलं.

"फोटो चोरल्याची तक्रार आहे माझ्यावर," अपर्णा म्हणाली. "मेलेल्या बाईचा फोटो."

"पाणी प्या आधी. कोणाची तक्रार?"

"साखऱ्याचे संतराम गव्हाणे. म्हणतात, फ्लेक्सवरची बाई त्यांची बायको आहे, शकुबाई. श्रावणात वारली. हनुवटीवरचं गोंदण दाखवून त्यांनी ओळखलं. पण मॅडम, मी फोटो चोरलेला नाही. विकत घेतलाय."

"फोटो विकत?" हिरासिंगांनी खुर्ची पुढे ओढली.

"वेबसाइट असतात. फोटोग्राफर तिथे फोटो ठेवतात. आपण पैसे भरायचे आणि वापरायचा परवाना घ्यायचा. फोटो आपला होत नाही, ठरलेल्या कामापुरता वापरता येतो. दुसऱ्या कोणाला काढून देताही येत नाही." तिनं एक कागद पुढे केला. "हा परवाना."

कागद इंग्रजीत होता. अपर्णाच्या स्टुडिओचं नाव, फोटोचा क्रमांक, पावती. फोटोग्राफरच्या जागी एकच शब्द.

"टेकावार," अपर्णानं वाचून दाखवलं. "एवढंच. पूर्ण नाव वेबसाइट सांगत नाही."

"आणि खाली ही ओळ?"

"चित्रातल्या व्यक्तीची लेखी संमती आहे, असं. ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो विकायला ठेवायचा तर त्या माणसाची सही किंवा अंगठा लागतो, शिवाय एका साक्षीदाराची सही. पण ते कागद वेबसाइटकडे असतात, आम्हाला दाखवत नाहीत."

"मग परवाना दाखवून पोलिसांचं समाधान का झालं नाही?"

"जमादार म्हणाले, चोरीची सायकल पावती घेऊन विकत घेतली तरी सायकल चोरीचीच राहते. आणि दुसरी गोष्ट..." तिनं पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. "गव्हाणे म्हणतात, त्यांच्या बायकोला चष्मा नव्हताच. चष्मा मी कॉम्प्युटरवर लावला."

"लावलात?"

"नाही! पण दवाखान्याचे डॉक्टरसुद्धा तसंच बघायला लागलेत माझ्याकडे. गावात हे पसरलं तर मला काम कोण देणार? मी एकटीच चालवते हो सगळं."

"वेबसाइटवरचं मूळ पान उघडा."

अपर्णानं लॅपटॉपवर फोटोचा क्रमांक टाकला. पडद्यावर तीच बाई आली. वेबसाइटच्या नावाची फिकट नक्षी चित्रभर पसरलेली होती. चष्मा तसाच होता.

म्हणजे चष्मा अपर्णानं लावलेला नव्हता.

मूळ फोटो फ्लेक्सपेक्षा बराच मोठा होता. निळ्या भिंतीला टेकून बाई जमिनीवर बसलेली. मांडीवर सूप, सुपात तुरीच्या हिरव्या शेंगा. पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आलेला. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कॅमेऱ्याच्या थोडं वर, फोटो काढणाऱ्याच्या तोंडाकडे बघून हसत होती.

"फ्लेक्सवर मी फक्त चेहरा घेतला," अपर्णा म्हणाली. "मानेपर्यंत."

अनुसूयाबाई बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिल्या. "माझा असा एकही फोटो नाही," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या आणि उठल्या. "हिरासिंगभाऊ, गाडी काढा."

साखऱ्याच्या हापशावर एक म्हातारी घागर भरत होती. जिवनबाई तिचं नाव. हिरासिंगांनी काच खाली करून संतराम गव्हाण्यांचं घर विचारलं.

"टेकावरचे गव्हाणे व्हय? त्ये काय वर, टेकावर. निस्तं 'टेकावर' म्हनलं तरी कोनी बी दाखवतंय." तिनं घागर कमरेवर घेतली. "जा बापा, जा. राजूची माय गेली तवापून म्हातारा कोनाशी बोलून न्हाई राहिला."

टेकाडावरचं ते घर एकटंच होतं. मातीच्या भिंती, शेणानं सारवलेल्या. संतराम चुलीपुढे बसून भाकरी भाजत होते. एका बाजूनं ती करपली होती. ओसरीवर दोन बाजा. एकीवर अंथरूण, दुसरी उभी करून भिंतीला लावलेली.

त्या भिंतीवर एका चौकटीत फोटो होता. करडा, पसरट, नाक-डोळे एकमेकांत मिसळलेले.

"आधार कार्डावरचा मोठा करून घेतला," संतराम म्हणाले. "दहाव्याला ठेवायला फोटोच नव्हता. ह्याच्यात ती हाय, असं आपुन म्हनायचं. दुसरं काय."

"फोटो काढून घ्यायच्या नाहीत त्या?"

"कवाच न्हाई. म्हनून तर म्हनतो, ह्यो फोटो चोरून काढला. आन वरून चष्मा लावला! काहून लावला? मेलेल्या मानसाची थट्टा करता का?"

"चष्मा नव्हता त्यांना?"

"मागल्या दिवाळीनंतर शिबिरात डोळ्याचं आपरेशन झालं. काळा चष्मा दिला होता, थोडे दिवस घातला. डाक्टर म्हनला, आता नंबरचा घ्या. मी म्हनलं, घेऊ. तर हीच म्हनली, राहू द्या, मला बराबर दिसून राहिलं."

"दिसत होतं?"

संतराम भाकरी उलटवायची विसरले. "भातात खडे राहायचे. मी लई बोलायचो तिला."

दारात एक तरुण येऊन उभा राहिला. संतरामांचा पुतण्या रुद्र. टेकाडाखालच्या आळीत राहायचा, काकाचं शेतही तोच बघायचा.

"ह्याच्यापाशी मोठा फोन हाय," संतराम म्हणाले. "ह्यानंच काढला असंल आन इकला असंल."

रुद्रचा चेहरा उतरला. त्यानं न बोलता फोन उघडून अनुसूयाबाईंच्या हातात दिला. बैलांचे फोटो, मोटारसायकलचे, मित्रांचे. काकूचा एकच. त्यात पदर कपाळाखाली ओढलेला, तोंड भिंतीकडे फिरवलेलं.

"मी तिचा पुतण्या, मॅडम," रुद्र म्हणाला. "लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळलो. तरी कोन्या बी गड्यामानसापुढं, माझ्यापुढं बी, तिचा पदर डोईवरून कवा ढळला न्हाई. मी कसा काढू असा फोटो?"

"त्या गावाबाहेर कुठे जात होत्या?"

"जवळा बाजारला," संतराम म्हणाले. "बहीण हाय तिथं, द्वारका. आधी सणावारी जायची. मागल्या वर्षापासून दर बाजाराला जायला लागली. एवढ्या लांब. मी म्हनायचो, हितं जवळ सेनगावला का भाजी मिळत न्हाई?"

"तुम्हाला मुलंबाळं?"

"न्हाई."

शब्द फार लवकर आला. रुद्रनं मान खाली घातली.

निघताना अनुसूयाबाईंनी विचारलं, "तक्रार करून तुम्हाला काय हवंय? भरपाई?"

"भरपाई घेऊन काय करू?" संतराम पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघून बोलले. "फोटो पाहिजे. दवाखान्यात मागाया गेलो तर हाकलून दिलं. त्यो चष्मा तेवढा काढा आन मला द्या. डेपोवर जाऊन किती दिवस उभं राहू?"

जवळा बाजारकडे जाताना हिरासिंगांचं ठरून गेलं होतं.

"मॅडम, पोरगाच आहे तो. दुसरा फोन असणार त्याच्याकडे. टेकावार हे टोपणनाव. नाहीतर वसमतला एक टेकावार आहेत, किराणावाले, त्यांना फोन केला मी. ते म्हणाले, साखर पाहिजे का? फोटोचं काही माहीत नाही म्हणाले, पण आवाज संशयास्पद वाटला."

"भाऊ, सुपातल्या शेंगा कशा होत्या?"

"हिरव्या. ओल्या."

"म्हणजे पौषाच्या आसपासचा फोटो. ऑपरेशननंतरचा. तेव्हा चष्मा खरा असू शकतो."

"मग नवऱ्याला कसा माहीत नाही?"

अनुसूयाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. वेचणी संपत आलेला कापूस दोन्ही बाजूंना उभा होता. "एका घरात राहूनही माणसांना पुष्कळ गोष्टी माहीत नसतात," त्या म्हणाल्या.

द्वारकाबाईंचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या. त्या विधवा होत्या, मुलगा पुण्यात. भिंतींना दिवाळीत दिलेला नवा पिवळा रंग होता, पण विजेच्या बोर्डाच्या कडेनं जुना रंग डोकावत होता. निळा.

अनुसूयाबाईंनी मोबाइलवर डेपोसमोरच्या फ्लेक्सचा फोटो दाखवला. फक्त चेहरा, मानेपर्यंत.

द्वारकाबाईंनी तो हातात घेतला, आणि त्यांचा अंगठा काचेवरून हळूच फिरला.

"शकीच हाय."

"हा फोटो कोणी काढला, माहीत आहे?"

"मला काय ठावं? तुरीच्या शेंगा सोलताना कोन कोनाचा फोटो काढतंय, बाई!"

हिरासिंग खिडकीतून बाजार बघत होते. अनुसूयाबाईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"बाजाराच्या दिवशी शकुबाई यायच्या, तेव्हा आणखी कोणी यायचं? कोणी पुरुष?"

"छे! माझं मालक गेल्यापून ह्या उंबऱ्यात गडीमानूस येत न्हाई. शेजारच्यांना इचारा. बाजाराच्या दिवशी बी न्हाई." हे त्या ठासून, मान वर करून म्हणाल्या.

"आणि हा चष्मा?"

द्वारकाबाई पटकन उठल्या. "च्या ठेवते," त्या म्हणाल्या, आणि आतल्या खोलीतून बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी, त्याच खोलीत सगळे जमले. रुद्रनं काकांना आणलं होतं. अपर्णा लॅपटॉप मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. संतराम मेहुणीच्या घरी कितीतरी वर्षांनी आले होते. कुठे बसावं हे न कळून ते दारापाशीच टेकले.

"सुरुवात अपर्णाबाईंपासून करते," अनुसूयाबाई म्हणाल्या. "परवाना खरा आहे. वेबसाइटवरच्या फोटोतही चष्मा आहे, म्हणजे तो यांनी लावलेला नाही. फोटोत तो आधीपासूनच होता. शकुबाईंच्या डोळ्यांवर."

"तिला चष्मा न्हवता!" संतराम म्हणाले.

"तुमच्या घरी नव्हता. फोटो तुमच्या घरचा नाहीच. तुमच्या भिंती मातीच्या आहेत, फोटोतली भिंत निळी आहे. ही भिंत. दिवाळीला पिवळी झाली, पण बोर्डाच्या कडेला अजून निळी आहे."

सगळ्यांच्या नजरा बोर्डाकडे गेल्या.

"द्वारकाबाई, मी तुम्हाला फक्त चेहरा दाखवला होता. त्यात सूपही नव्हतं, शेंगाही नव्हत्या. तरी तुम्ही शेंगांचं बोललात. फोटो काढला तेव्हा तुम्ही इथे होतात. संमतीच्या कागदावर साक्षीदार लागतो. ती सही तुमची असणार."

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पन काढला कोनी?" रुद्रनं विचारलं.

"ते तूच सांगितलंस. पुतण्यापुढेही पदर ढळू न देणारी बाई, आणि फोटोत पदर खांद्यावर. तिला त्याचं भानही नाही. पुरुषापुढे ती अशी बसली नसती. द्वारकाबाईंनी माझ्यापासून पुष्कळ लपवलं, पण या घरात पुरुष येत नाही हे त्या अभिमानानं बोलल्या. ते खरं होतं. म्हणजे फोटो काढणारी बाई आहे. दर आठवड्याला जिच्यासाठी इतक्या लांब यावं, जिच्या तोंडाकडे बघून असं हसावं, अशी."

संतराम जमिनीकडे बघत होते.

"आता ते टेकावार." अनुसूयाबाईंनी परवान्याचा कागद उचलला. "आपण सगळे चुकलो. नाव इंग्रजी अक्षरांत आहे. त्यात काना कळत नाही. आपल्या भागात मुत्तेवार, पत्तेवार अशी आडनावं असतात, म्हणून आपण 'टेकावार' वाचलं. हिरासिंगभाऊंनी तर किराणावाल्यालाही सोडलं नाही. ते आडनाव नाही. 'टेकावर' असं वाचा. साखऱ्यात तुमच्या घराला तेच म्हणतात ना?"

हिरासिंगांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"त्या घरात वाढलेलं कोणीतरी हे नाव घेईल. तुम्ही म्हणालात, मुलंबाळं नाहीत. पण हापशावर जिवनबाई शकुबाईंना 'राजूची माय' म्हणाल्या. गावात बाईला तिच्या लेकराच्या नावानं ओळखतात. राजू म्हणजे मुलगा असेल असं मला आधी वाटलं. पण फोटो काढणारी बाई आहे. राजू कशाचं लघुरूप, संतरामजी?"

बाजारातला गलबला खिडकीतून आत येत होता. कोणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं.

"राजनंदिनी," रुद्र हळूच म्हणाला.

मग द्वारकाबाईच बोलायला लागल्या. राजनंदिनी सासर सोडून आली होती. नवरा मारायचा. बापानं तिला त्याच पावली परत जायला सांगितलं. ती परत गेली, पण सासरी नाही. त्या दिवसापासून त्या घरात तिचं नाव घ्यायची बंदी झाली.

"फोटूचं काम शिकली," द्वारकाबाई म्हणाल्या. "लग्नाचे काढती, असे बी काढून इकती. मागल्या वर्षी मला शोधत आली. मग शकी दर बाजाराला यायची, ती बी यायची. दोघी हितं बसायच्या. पोरीनं चष्मा करून दिला. शकी म्हनली, घरी न्हेला तर मालक इचारतील, कोनी दिला. तर हितंच ठेवून जायची. आली की घालायची. आधी पोरीचं तोंड बघायची, मग बाकीचं."

"आणि संमती?" अपर्णानं विचारलं.

"पोरीनं इचारलं, माय, तुझा फोटू इकू का? शकी असली हसली! म्हनली, ह्या सुरकुत्यांना कोन गिऱ्हाईक? इक की. तुझ्या पोटाला व्हत असंल तर इक."

संतरामांनी बोर्डाकडची निळी कड पुन्हा एकदा बघितली.

"चष्मा घरी आनला असता," ते म्हणाले. "मी काय केलं असतं?"

"तुमी इचारलं असतं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"व्हय." त्यांनी हळूहळू मान हलवली. "मी इचारलं असतं. भातात खडे निघायचे तर मी ताट सारायचो. तिला दिसत न्हवतं, आन मी ताट सारायचो."

रुद्र त्यांच्याजवळ जाऊन बसला. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझ्यावर बी आळ घेतला."

"जाऊ द्या, काका."

"दहाव्याला आली होती ती," द्वारकाबाई म्हणाल्या. "मीच कळवलं. येशीपस्तोर आली. मानसं दिसली तवा माघारी फिरली."

संतरामांनी डोळे मिटले. ते उघडले तेव्हा अपर्णाकडे वळले. "बाई, तुमची चूक न्हाई. तक्रार मी मागं घेतो. डाक्टरला बी सांगतो. तेवढा फोटो मला द्या. चष्म्यासकट द्या."

अपर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. लॅपटॉपवर फोटो उघडाच होता. "मला द्यावासा वाटतो हो. पण परवाना फक्त फ्लेक्सचा आहे. फोटो माझा नाही. ज्यांनी काढला त्यांचा आहे. त्यांनाच विचारावं लागेल."

हिरासिंग काहीतरी बोलणार होते. अनुसूयाबाईंनी हातानं त्यांना थांबवलं.

द्वारकाबाईंनी फोन लावला आणि संतरामांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला.

"हां मावशी, बोल," पलीकडून आवाज आला. खोलीत सगळ्यांना ऐकू येईल इतका स्पष्ट.

संतरामांचे ओठ हलले.

"मावशी? काय झालं?"

"मी संतराम गव्हाणे बोलून राहिलो," ते म्हणाले. "साखऱ्याहून."

तिनं फोन ठेवला असं सगळ्यांना वाटलं.

"बोला," ती म्हणाली.

"तुझ्या मायचा फोटो पाहिजे होता. ह्या बाई म्हनतात, त्यो तुझा हाय. तुला इचारल्याबिगर देता येत न्हाई."

"माझ्याजवळ लई हायेत तिचे फोटो."

"एकच दे. मी कोनाला दावनार न्हाई."

"मी पाठवनार न्हाई," ती म्हणाली. "बघायचे असतील तर हितं या. माझ्यासमोर बसून बघा."

"येतो," संतराम म्हणाले. "येतो मी."

फोन बंद झाला तरी त्यांनी तो कानावरून काढला नाही. बाजार मोडायला लागला होता. अपर्णानं लॅपटॉप मिटला. अनुसूयाबाई पाठमोऱ्या होऊन खिडकीशी उभ्या राहिल्या.

मग संतरामांनी फोन खाली ठेवला आणि द्वारकाबाईंकडे वळून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं,

"कुठं राहती ती?"